‘आठवणी लिहा ना’ म्हणण्याआधी

आपल्या आवडत्या स्टील गिटारवादकाने आठवणी लिहाव्यात, असे आपल्याला मनापासून वाटते. एखाद्या सत्काराच्या दिवशी किंवा मैफल संपल्यावर आपण त्यांना ते बोलूनही दाखवले असेल, आणि ते हसून ‘बघू’ म्हणाले असतील. त्या ‘बघू’नंतर काय करायचे, हे पुढे क्रमाने सांगते आहे. ज्येष्ठ वादकांच्या आठवणी ऐकून त्या कागदावर उतरवण्याचे काम मी बरीच वर्षे करते आहे. त्यात एक गोष्ट पक्की कळली: साथीच्या वादकाची आठवण त्याच्या हातांत असते. ती हातांतून बाहेर काढावी लागते, लेखणीची पाळी फार पुढे येते.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण वादकाशी बोलताना ती उपयोगी पडते. स्टील गिटार मांडीवर किंवा चौकटीवर आडवी ठेवतात आणि डाव्या हातातला धातूचा गुळगुळीत तुकडा, म्हणजे ‘बार’, तारांवरून सरकवत वाजवतात. आपल्याकडे तिला हवाईयन गिटार म्हणतात. अमेरिकेतल्या कंट्री संगीतात तिला पायपट्ट्या आणि गुडघ्याने ढकलायच्या दांड्या जोडल्या गेल्या आणि ‘पेडल स्टील’ तयार झाली. या पद्धतीचे श्रेय बहुतेक जण हवाईच्या ओआहू बेटावरच्या जोसेफ केकुकु यांना देतात. काही जण मात्र गॅब्रिएल डेव्हियन या खलाशाचे नाव घेतात, आणि तो मूळचा भारतात जन्मलेला होता असे सांगतात. १९व्या शतकाच्या अखेरची ही गोष्ट. त्या वेळी कोणी समोर बसून नीट विचारून ठेवले असते, तर आज एवढा वाद उरला नसता.

वेळेवर झालेल्या कामाचे उदाहरणही आहे. जेरी बर्ड हे ओहायोतल्या लिमा गावचे. हँक विल्यम्सच्या ‘लव्हसिक ब्लूज’मधली स्टील त्यांची. सगळे पेडलकडे वळले तरी ते बिनपेडलच्या वाद्याशी एकनिष्ठ राहिले, आणि १९७२ मध्ये हवाईला जाऊन त्यांनी तिथल्या तरुणांना त्यांचेच वाद्य पुन्हा शिकवले. त्यांचे आत्मचरित्र ‘इट वॉज अ ट्रिप: ऑन विंग्ज ऑफ म्युझिक’ २००३ मध्ये आले, तेव्हा ते ८३ वर्षांचे होते. २००५ मध्ये ते गेले. पेडल स्टीलचे सर्वांत मानले गेलेले वादक बडी एमन्स २०१५ मध्ये गेले. त्यांच्याशी झालेल्या बोलण्यांवर आधारलेले पुस्तक स्टीव्ह फिशेल या दुसऱ्या स्टीलवादकाने पुरे केले, ते २०२२ मध्ये आले. दोन्ही पुस्तके मोलाची आहेत, पण पहिल्यात वादकाने स्वतः शेवटचा हात फिरवला आहे. आपल्याकडे सुधीर फडके यांचे ‘जगाच्या पाठीवर’ वाचताना जिथे ते थांबते, तिथे मला दर वेळी चुटपुट लागते. आत्मचरित्र अपुरेच राहिले. तेव्हा कामाला लागू या.

१. एक माणूस ठरवा

चाहते दहा असोत की दोनशे, वादकाशी या विषयावर बोलणारा माणूस एकच असावा. प्रत्येकाने भेटेल तेव्हा ‘काका, लिहा ना’ म्हटले की त्यांना त्याचे ओझे होते आणि विषय टाळायची सवय लागते. बोलणारा माणूस त्यांच्या घरी सहज जाणारा, वेळ पाळणारा आणि मुख्य म्हणजे गप्प बसता येणारा हवा. वाद्य थोडेफार कळणारा असला तर उत्तम. बाकीच्यांनी कामे वाटून घ्यावीत: कोणी जुन्या तबकड्या शोधेल, कोणी छायाचित्रे स्कॅन करेल, कोणी बोलणे उतरवून काढेल. चार-पाच जणांचा गट पुरतो. घरातल्या एका व्यक्तीला, बहुधा मुलगी, सून किंवा नातवंड, पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. औषधाची वेळ, झोपेची वेळ आणि माळ्यावर काय आहे, हे त्यांनाच माहीत असते.

२. ‘पुस्तक’ हा शब्द काही दिवस बाजूला ठेवा

‘आत्मचरित्र लिहा’ ही फार मोठी मागणी आहे. आयुष्यभर गायकाच्या मागे बसून दोन ओळींमधली जागा भरणाऱ्या माणसाला स्वतःवर तीनशे पाने लिहायची कल्पनाच परकी वाटते. त्याऐवजी छोटी आणि नेमकी मागणी करा. ‘या गाण्याच्या दुसऱ्या अंतऱ्याआधी जो पीस आहे, तो आपणच वाजवलाय ना? तो कसा बसवला, एवढेच ऐकायचे आहे. रविवारी अकराला येऊ का?’ या मागणीत गाणे, जागा, दिवस आणि वेळ ठरलेली आहे. तिला होकार देणे सोपे जाते.

भेटीला जाण्यापूर्वी तीन ध्वनिमुद्रणे निवडून ती कान देऊन ऐकावीत. स्टीलचा सूर कुठे येतो, किती सेकंदांवर येतो, हे टिपून ठेवा. आपण खरोखर ऐकले आहे हे वादकाला पहिल्या पाच मिनिटांत कळते.

३. नकाराचे खरे कारण समजून घ्या

‘माझ्यात काय आहे लिहिण्यासारखे?’ हे उत्तर जवळजवळ प्रत्येकाकडून येते. त्याच्या मागे वेगवेगळी कारणे असतात, आणि प्रत्येकावर उपाय वेगळा आहे. लिहिण्याची सवय नसेल, तर लिहायचे नाहीच, फक्त बोलायचे आहे, हे स्पष्ट सांगा. भाषेची अडचण असेल, म्हणजे घरी कोकणी किंवा पंजाबी, स्टुडिओत हिंदी आणि शेजाऱ्यांशी मराठी अशी आयुष्यभराची सरमिसळ असेल, तर ज्या क्षणी जी भाषा येईल तीत बोलू द्या. कोणाचे मन दुखेल अशी भीती असेल, तर काय छापायचे हे शेवटपर्यंत त्यांच्याच हाती राहील असा शब्द द्या आणि तो पाळा.

साथीदाराचे पुस्तक कोण वाचणार, अशी शंका असेल तर गोविंदराव टेंबे यांचे ‘माझा संगीत व्यासंग’ त्यांच्या हाती द्या. हार्मोनियमच्या मागे बसलेल्या माणसाला मैफल किती वेगळी आणि किती जवळून दिसते, ते त्यात आहे. मुंबईच्या चित्रपट-स्टुडिओंतल्या वादकांशी बोलून ग्रेगरी बूथ यांनी लिहिलेले ‘बिहाइंड द कर्टन’ हे २००८ चे इंग्रजी पुस्तकही दाखवावे. ओळखीची नावे छापलेली दिसली की बोलणे आपोआप सुरू होते.

आणि ठाम नकार असेल, तर तो माना. एवढेच विचारा, की वाद्याविषयी बोलायला हरकत आहे का. त्याला फारसे कोणी नाही म्हणत नाही.

४. पहिल्या बैठकीत वाद्य मांडीवर हवे

ही पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. गिरगावातल्या एका ज्येष्ठ हवाईयन गिटारवादकांकडे मी चार रविवार गेले होते. प्रश्नांची यादी नीट केलेली होती. ‘पहिले रेकॉर्डिंग कधी?’, ‘कोणाकोणाबरोबर काम केले?’ उत्तरे एकेका ओळीची. ‘होतो त्यांच्याकडे.’ ‘बरीच वर्षे केले.’ मला वाटले, यांना आठवतच नाही. पाचव्या रविवारी त्यांच्या नातीने पलंगाखालची पेटी ओढून काढली, गिटार त्यांच्या मांडीवर ठेवली आणि बार त्यांच्या हातात दिला.

त्यांनी बार उचलला आणि वाजवण्याआधी अंगठ्याने त्याच्या टोकावरची एक बारीकशी खोच चाचपली. मी विचारले, ‘हे काय?’ ते म्हणाले, ‘पडला होता एकदा. टेकमध्ये.’ मग पाऊण तास ते थांबले नाहीत. पावसाळा होता, हाताला घाम होता, साठ वादक एका खोलीत, गायिका काचेपलीकडे. तेव्हा सगळे एकदम वाजवायचे, एकाचे चुकले की सगळ्यांचे पहिल्यापासून. शेवटच्या अंतऱ्यात बार हातातून सुटून फरशीवर वाजला. टेक बाद. कोणी काही बोलले नाही. पुढच्या टेकला त्यांनी तो पीस बार कमी सरकवत वाजवला, आणि तबकडीवर आहे तो तोच. सांगता सांगता त्यांनी दोन्ही तऱ्हा वाजवून दाखवल्या. डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी बारच्या मागे तारांवर हलकेच टेकलेली, मागची खरखर दाबण्यासाठी. वय ८१, पण ती बोटे जागची हलली नाहीत.

त्या दिवसापासून मी पहिल्या बैठकीला प्रश्नांची यादी नेत नाही. आपणही नेऊ नये. आदल्या दिवशी घरच्यांना सांगून तारा चढवून घ्या, गिटार सुरात लावून घ्या, अंगठ्याची आणि बोटांची नखे, म्हणजे पिक्स, शोधून ठेवा. हात थरथरत असतील किंवा वाजवणे थांबलेले असेल, तर वाजवण्याचा आग्रह करू नका. नुसता बार हातात असला तरी चालतो. पहिला प्रश्न हाताबद्दल विचारा: ‘हा बार कुठला? याच्या आधी कोणता होता?’

बैठक दीड तासाच्या वर नेऊ नका. ते रंगात आले असले तरी पुढच्या वेळेसाठी एक गोष्ट अर्धी राहू द्या.

५. ध्वनिमुद्रण पहिल्या मिनिटापासून

परवानगी विचारूनच सुरू करा, आणि परवानगीचे ते वाक्यही मुद्रित होऊ द्या. चांगला मोबाइल पुरतो, पण तो एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर नेमक्या वाक्यावर फोन वाजतो. ध्वनी वेव्ह स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट या मापात साठवा. एमपी-थ्रीमध्ये फाइल लहान होते, पण सुरातला बारकावा जातो, आणि इथे सूर हाच पुरावा आहे. मोबाइल टेबलावर न ठेवता घडी केलेल्या रुमालावर, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवा. पंखा आणि फ्रिज ही आपल्या घरांतली दोन मोठी विघ्ने आहेत. पंखा थेट मोबाइलवर येणार नाही असे बसा. दुसऱ्या एखाद्या यंत्रावरही मुद्रण चालू असू द्या.

घरी आल्याबरोबर फाइलला तारीख आणि विषय असलेले नाव द्या आणि तीन ठिकाणी प्रती करा. त्यांतली एक दुसऱ्या कोणाच्या तरी घरी असावी. त्याच रात्री, सगळे ताजे असताना, अर्ध्या पानाचे टिपण लिहा: कशावर बोलले, कुठे अडले, कोणते नाव घेताना थांबले.

पहिल्या दोन-तीन बैठकींतच एक काम उरकून घ्या. वाद्याची प्रत्येक मोकळी तार एकेक करून, सावकाश वाजवून मुद्रित करा. तारांची जाडी आणि सूर एका चिठ्ठीवर लिहून ती गिटारच्या पेटीत ठेवा. एकदा तारा उतरल्या की ती गिटार कशी लागत होती हे कोणालाच सांगता येत नाही.

६. साल विचारू नका, ट्यूनिंग विचारा

‘हे कोणत्या वर्षी?’ या प्रश्नाने वादक अडखळतो, आणि एकदा अडखळला की स्वतःवरच रागावतो. त्याचे कालमापन वेगळे असते. ते वाद्य, जुळणी, घर आणि स्टुडिओ यांनी चालते. प्रश्न त्याच मापात विचारा.

जुळणी, म्हणजे ट्यूनिंग, ही स्टील गिटारमध्ये आयुष्याच्या टप्प्यांइतकी बोलकी असते. बार सरळ असतो, त्यामुळे त्याच्याखाली येणारे सूर एकमेकांशी जुळणारे असावे लागतात, आणि वादक ते आपल्या गरजेप्रमाणे ठरवतो. जेरी बर्ड यांच्या नावाशी जोडलेली ‘सी-सिक्स’ जुळणी खालून वर सी, ई, जी, ए, सी, ई अशी लागते. सीला सा मानले तर सा ग प ध सा ग. कोणी सुरुवातीला साध्या मेजर कॉर्डवर शिकतो, मग कोणाकडे तरी सी-सिक्स ऐकतो आणि घरी जाऊन सगळ्या तारा बदलतो. ‘ही जुळणी आपण कोणाकडे ऐकलीत?’ या एका प्रश्नात गुरू, शहर, ती तबकडी आणि त्या वेळची नोकरी, सगळे येते. पेडल स्टील वाजवणाऱ्यांसाठी वेब पिअर्स यांचे ‘स्लोली’ हे गाणे अशीच खूण आहे. १९५४ मध्ये ते गाजले, त्यात बड आयझॅक्स यांनी सूर वाजत असतानाच पेडल दाबून तो वाकवला होता. त्यानंतर कितीतरी वादकांनी आपल्या वाद्याला पेडले जोडून घेतली. ‘ते ऐकले तेव्हा आपण कुठे होता?’ एवढे विचारले की पुरते.

आपल्याकडच्या वादकांसाठी खुणा वेगळ्या. व्हॅन शिप्ली यांच्या विजेच्या गिटारवरच्या चित्रपटगीतांच्या तबकड्या पहिल्यांदा कुठे ऐकल्या? हजारा सिंग यांना वाजवताना पाहिले का? १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’त शिवकुमार शर्मांचे संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्याबरोबर ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार आली, तेव्हा हवाईयन गिटारवर राग वाजू शकतो हे ऐकून काय वाटले? ताडदेवचे फेमस, परळचे राजकमल, वांद्र्याचे मेहबूब: कोणत्या स्टुडिओला कोणत्या बसने, वाद्य कुठे ठेवून जात होता? सिंथेसायझर आल्यावर फोन येणे कमी झाले, ते कसे लक्षात आले? या शेवटच्या प्रश्नाला वेळ द्या. उत्तर यायला उशीर लागतो, आणि ते घाईने पुढे ढकलू नये.

या सगळ्यांतून एका मोठ्या कागदावर आडवी रेघ मारून कालपट तयार करा. वर घरे आणि वाद्ये, खाली गाणी आणि माणसे. ठाऊक असलेली साले नंतर त्यावर बसवता येतात.

७. माळ्यावरच्या वस्तूंना हात लावण्यापूर्वी

छायाचित्रे, पत्रे, स्टुडिओची व्हाउचर्स, नोटेशनच्या वह्या, कॅसेट, तबकड्या. यांतली प्रत्येक वस्तू म्हणजे एक बैठक. एका वेळी चार-पाचच काढा, आणि ज्या क्रमाने ठेवलेल्या आहेत तो क्रम मोडण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. छायाचित्र ६०० डीपीआयला स्कॅन करा, पाठची बाजूही करा. पाठीवर बऱ्याचदा स्टुडिओचा शिक्का किंवा एखादे नाव असते. नवे काही लिहायचे असेल तर मऊ पेन्सिलीने, कडेला. बॉलपेनने कधीही नाही.

कॅसेट लावण्यापूर्वी तिच्या कडेच्या दोन प्लॅस्टिकच्या कपच्या मोडलेल्या आहेत ना, ते पाहा. नसतील तर मोडा. चुकून लाल बटण दाबले गेले तर ती एकमेव प्रत पुसली जाते, आणि हे माझ्या डोळ्यांदेखत एका घरात घडले आहे. वादक काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त कॅसेट हातातून घेतली आणि परत डब्यात ठेवली. ७८ फेऱ्यांच्या तबकड्या लाखेच्या असतात, त्या स्पिरिटने पुसू नका. स्पिरिटमध्ये लाख विरघळते. बुरशी धरलेल्या किंवा चिकट झालेल्या फितीला स्वतः हात न लावता जाणकाराकडे द्या.

एखादे जुने ध्वनिमुद्रण मिळालेच तर ते फक्त साठवू नका, त्यांना ऐकवा. ताउ मो आणि त्यांची पत्नी रोज हे हवाईयन संगीतकार दांपत्य कित्येक दशके जगभर फिरले, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कलकत्त्यात राहिले. त्यांचे १९२९ चे ध्वनिमुद्रण बॉब ब्रोझमन या अमेरिकन गिटारवादकाला फार आवडत असे. वादक हयात आहेत हे त्याला खूप उशिरा कळले. मग तो त्यांच्याकडे गेला आणि तरुणपणीची ती गाणी त्यांच्याबरोबर पुन्हा वाजवून त्याने १९८९ मध्ये नवी तबकडी काढली. साठ वर्षांनी ती गाणी रोज मो यांनीच पुन्हा गायली. एका चाहत्याने केलेले इतके सुंदर काम मला दुसरे माहीत नाही. त्याची सुरुवात एका जुन्या तबकडीपासून झाली होती.

८. उतरवणे आणि शब्दांकन

तासाभराचे बोलणे उतरवायला नवख्याला पाच-सहा तास लागतात, त्या हिशेबाने माणसे नेमा. बोलण्याचे आपोआप टंकन करणारी साधने आता मराठीतही आहेत, पहिल्या खर्ड्यासाठी ती वापरायला हरकत नाही. पण वाद्यांची आणि माणसांची नावे ती हमखास बिघडवतात, म्हणून प्रत्येक ओळ मूळ आवाजाशी ताडून पाहा. जिथे ते बोलता बोलता वाजवतात, तिथे कंसात वेळ लिहा.

शब्दांकन करताना त्यांची वाक्ये ‘सुधारू’ नका. हंसा वाडकर यांनी अरुण साधू यांना सांगितलेल्या आठवणी ‘माणूस’ साप्ताहिकातून आल्या आणि पुढे ‘सांगत्ये ऐका’ म्हणून पुस्तक झाले. त्या नावातच बोलणाऱ्या बाईचा आवाज आहे. लिहिणाऱ्याने स्वतःला मागे ठेवले म्हणून तो उरला. वादक ‘पीस’, ‘टेक’, ‘सिटिंग’ म्हणत असतील तर तेच राहू द्या, आणि पहिल्या वेळी अर्ध्या वाक्यात अर्थ सांगा. पुनरुक्ती आणि भरकटणे काढा, त्यांची लय काढू नका. तयार झालेले प्रत्येक पान मोठ्याने वाचून पाहावे. ते बोलल्यासारखे वाटत नसेल, तर पुन्हा लिहावे.

९. पडताळणी, पण आदराने

हजारो गाणी वाजवलेल्या माणसाची एखाद्या गाण्याबाबत गल्लत होणे स्वाभाविक आहे. कधी तो पीस दुसऱ्याने वाजवलेला असतो, कधी त्याच धाटणीचे दुसरे गाणे डोक्यात असते. नॅशव्हिलमध्ये वादकांच्या संघटनेचे सत्रागणिक कागद असतात, त्यांवरून पुष्कळदा छडा लागतो. आपल्याकडे तबकड्यांवर साथीदारांची नावे सहसा छापलेली नसतात, त्यामुळे कान आणि सहकारी हेच साधन. शंका आली तर ‘हे चुकीचे आहे’ असे न म्हणता ते गाणे लावा आणि सोबत ऐका. बहुतेक वेळा ते स्वतःच म्हणतात, ‘नाही, हा माझा बार नव्हे.’ हयात असलेल्या सहकाऱ्याला एकदा बोलवा. दोघांना मिळून जे आठवते, ते एकट्याला आठवत नाही.

तरीही जे पक्के होत नाही, ते पुस्तकात ‘माझ्या आठवणीप्रमाणे’ असे म्हणून ठेवा. श्रेय दुसऱ्याचे असेल तर त्याचे नाव घालण्यात कंजुषी नको. या माणसांना आयुष्यभर तेच मिळाले नाही.

१०. हक्क आणि नाजूक विषय

पाच-सहा बैठका झाल्यावर, काम पुढे जाणार हे दिसू लागले की एक साधा लेखी करार करा. आठवणी कोणाच्या नावावर, शब्दांकन कोणाचे, मानधन आणि रॉयल्टी कशी वाटायची, ध्वनिमुद्रणे कोणाकडे राहणार, आणि वादकाच्या पश्चात निर्णय कोण घेणार. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क लेखकाच्या हयातीनंतरही ६० वर्षे राहतात. त्यामुळे आज तोंडी ठेवलेली गोष्ट उद्या वारसांना त्रासाची होते. करार एकदा वकिलाला दाखवा. छायाचित्रकाराची परवानगी वेगळी लागते, गाण्याच्या ओळी छापायच्या असतील तर तीही.

थकलेले पैसे, न मिळालेले श्रेय, मोडलेली मैत्री हे विषय निघतात. ते थांबवू नका, मुद्रित होऊ द्या. छापायचे की नाही, हे महिन्याभराने, त्यांना पान वाचून दाखवून ठरवा. हयात व्यक्तीवर आरोप होत असेल तर बदनामीच्या दाव्याचा विचार करा, आणि पुराव्याशिवाय नाव घालू नका. एखादा भाग त्यांना आत्ता नको असेल, तर बंद पाकिटात, उघडण्याची तारीख लिहून ठेवता येतो.

११. आधी एक लेख, मग पुस्तक

सगळे पुरे होईपर्यंत थांबू नका. सर्वांत रंगलेल्या दोन बैठकींतून दिवाळी अंकासाठी एक लेख तयार करा. संपादकांना मजकूर उन्हाळ्यात दाखवला तर विचार होतो, गणपतीनंतर उशीर झालेला असतो. छापील लेख, वाचकांची पत्रे आणि ‘अहो, मला माहीतच नव्हते ते आपण होता’ असा एखादा फोन, एवढ्याने वादकाचा उत्साह बदलतो. पुस्तक हा शब्द बहुधा मग ते स्वतःच उच्चारतात.

पुस्तकात वाद्यावर एक स्वतंत्र प्रकरण ठेवा: जुळण्या, बार, पिक्स, वाद्यात करून घेतलेले बदल. सामान्य वाचक ते चाळेल, पण पुढच्या पिढीचा वादक तेच आधी उघडेल. ध्वनीसाठी क्यूआर कोड द्यावा. प्रकाशक मिळाला नाही तर स्वतः छापता येते. आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनाशुल्क मिळतो.

मूळ ध्वनिमुद्रणांची एक प्रत संगीत-संग्रहालयाला देण्याबाबत वादकांची लेखी इच्छा आताच घ्या. घरातल्या हार्ड डिस्कचे आयुष्य थोडे असते.

१२. मुद्रिते त्यांना वाचून दाखवा

छपाईपूर्वीची पाने त्यांच्याकडे नुसती पाठवून देऊ नका. अक्षर बारीक असते, आणि ‘ठीक आहे’ म्हणून गठ्ठा तसाच परत येतो. सकाळच्या वेळी, एका दिवशी एक प्रकरण, शेजारी बसून वाचा. पान त्यांच्या हाती नसले तरी चालेल, वाद्य मात्र जवळ असू द्या. वाचताना ते कुठेतरी हात वर करून थांबवतील, ‘असे नाही, ऐका’ म्हणतील आणि बार शोधू लागतील. त्या दिवशीही मोबाइल एअरप्लेन मोडवर, घडी केलेल्या रुमालावर, चालू असू द्या.